ओदुरच्या खिडकीसमोरचे स्प्रूस

२५ सप्टेंबर

आज मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या आणि मी दरवर्षीप्रमाणे घरात दडून बसलो. सगळा परगणा मेंढवाड्यात जमतो, जो तो कानावरची खूण बघून आपापली मेंढी शिंगाला धरून ओढून काढतो, गाणी म्हणतो, मटणाचा रस्सा पितो. मला कुणी मज्जाव केलेला नाही. पण ज्या माणसाने गावच्या सभागृहात व्याख्यान देताना ‘या देशाचं जंगल मेंढीने खाल्लं’ असं सांगितलं, आणि वर ‘मेंढी ज्यांची, ते मागच्या रांगेत बसले आहेत’ अशी पुस्ती जोडली, त्याने तिथे रस्सा मागायला जाणं बरं दिसत नाही. मागच्या रांगेत माझा थोरला भाऊ ओदुर बसला होता. कॉफी अर्धी टाकून तो उठून गेला. त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. आमची घरं हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर आहेत. हाक तेवढी कुणी मारलेली नाही.

मी फक्त शास्त्रीय सत्य सांगितलं होतं. हे इथे लिहून ठेवतो, कारण घरात हे वाक्य उच्चारायला बायकोने बंदी घातली आहे.

बायको, म्हणजे स्वावा, मेंढवाड्यात जाऊन आली. अंगाला लोकरीचा वास आणि चेहऱ्यावर काळजी.

“ओदुर घोड्यावर नव्हता,” ती म्हणाली.

“मग पायी होता?”

“गाडीत बसून होता, काचा वर करून. सगळ्या मेंढ्या हालबेरानेच ओढल्या.” हालबेरा म्हणजे ओदुरची बायको.

“रुसला असेल कुणावर तरी. आमच्या घराण्यातच आहे ते.”

“हो, ते मी रोज बघते,” स्वावा म्हणाली.

६ ऑक्टोबर

हालबेराने स्वावाला दुकानात गाठून सांगितलं की ओदुरचं हृदय थकलं आहे. गोठ्यात पाऊल टाकायचं नाही असं सेल्फॉस शहरातल्या डॉक्टरांनी बजावलंय. हा हिवाळा निघेल, पुढच्याचं सांगता येत नाही.

इतकी वर्षं मी मनातल्या मनात ओदुरशी भांडत आलो आहे, आणि त्या भांडणात तो नेहमी धडधाकट असतो, दारात पाय रोवून उभा. तो आधी जाईल आणि शेवटचा शब्द माझा राहील, ही कल्पना एके काळी मला आवडली असती. आज मुळीच आवडली नाही. मला माझा भाऊ हवा आहे. निदान भांडायला तरी.

“जा आणि भेट त्याला,” स्वावा म्हणाली.

“जाऊन बोलू काय?”

“‘कसा आहेस’ म्हण. सगळ्या जगात चालतं ते.”

बूट चढवले. दोन शेतांमधल्या फाटकापर्यंत गेलो. तिथे लक्षात आलं की फाटकाची बिजागरी करकरते आहे. परत येऊन तेलाचा डबा नेला, बिजागरीला तेल दिलं, फाटक चार वेळा उघडून लावून पाहिलं आणि घरी आलो. बिजागरी आता उत्तम आहे.

२३ ऑक्टोबर

‘जगातली जंगलं’ या माझ्या व्याख्यानमालेचं पहिलं पुष्प आज सभागृहात गुंफलं. (‘पुष्प’ हा शब्द स्वावाने खोडायला सांगितला होता. तिच्या देखत खोडला.) विषय तैगा, म्हणजे उत्तरेचं ते पृथ्वीच्या डोक्याला गुंडाळलेलं सूचिपर्णी जंगल. हजेरी बेताची. त्यातले दोघे सभागृहाची किल्ली सांभाळणारे आणि एकजण पाऊस थांबायची वाट बघत आत आलेला.

मी जीव ओतून सांगितलं. तैगातलं पडलेलं पान कुजायला वर्षानुवर्षं कशी लागतात, त्यामुळे त्या गारठ्यातल्या मातीत केवढा कार्बन साठून राहिलाय, ते जंगल जळलं तर आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर काय येऊन पडेल. थांबलो आणि म्हणालो, विचारा.

निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंनी हात वर केला. “केटिल, तिथली माणसं बघतात काय?”

“म्हणजे?”

“सगळीकडे झाडंच म्हणतोस. मग दिसतं काय?”

“झाडं दिसतात.”

“आणि झाडांच्या मागे?”

“झाडं.”

“बिचारी,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक तळलेला गोड पीळ कॉफीत बुडवला.

आमच्या लोकांचं हेच दुखणं आहे. हजार वर्षं उघड्या माळावर राहून त्यांना वाटतं की जे नजरेला अडवतं ते सगळं वाईट. मी वडिलांच्या जमिनीतल्या माझ्या वाट्यावर अलास्काचे उंच, सूचिपर्णी स्प्रूस लावले, सायबेरियाचे लार्च लावले, तेव्हा कुणीही ‘वा’ म्हणालं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, आता हेक्ला कसा दिसणार? हेक्ला हा ज्वालामुखी आहे. अधूनमधून फुटतो आणि आमच्या अंगावर राख टाकतो. पण तो दिसला पाहिजे.

१३ नोव्हेंबर

आज दोन घटना. पहिली, विषुववृत्तावरचं पर्जन्यवन. चांगलं झालं. ते जंगल स्वतःचा पाऊस स्वतः पाडतं, मुळांनी पाणी ओढून पानांनी हवेत सोडतं, तेच पुन्हा डोक्यावर घेतं, हे सांगताना माझा आवाज भरून आला. किल्लीवाला म्हणाला, “पाऊस आपल्याकडे झाडांशिवायच भरपूर आहे.” लोक हसले. मीही हसलो, पण उशिरा.

दुसरी घटना गंभीर आहे. आमच्या सामाईक कुंपणावर कुणीतरी मेंढीच्या चरबीचे गोळे टांगले आहेत. अगदी माझ्या स्प्रूसच्या दोन ओळींना लागून. ओदुरच्या बैठकीच्या खिडकीसमोर बरोबर त्याच दोन ओळी आहेत. म्हणजे मी मेंढीला नावं ठेवली, तर घे ही मेंढीच, तुझ्या झाडांच्या गळ्यात! वाद घालायची ही पद्धत हीन आहे, पण नेमकी आहे, हे मान्य करावं लागेल.

गोळे काढून चरात फेकले.

१६ नोव्हेंबर

नवे गोळे. आधीपेक्षा मोठे.

४ डिसेंबर

ओदुरच्या खिडकीत काच चमकते. आज खात्री करून घेतली. त्याने डोंगरावरच्या मेंढ्या शोधायची जुनी दुर्बीण तिवईवर लावली आहे, आणि तिचं तोंड सरळ माझ्या झाडांकडे आहे. तो पुरावे गोळा करतो आहे. माझ्या स्प्रूसच्या सुया त्याच्या गवतात पडतात, सावली पडते, असलं काहीतरी. उद्या पंचायतीत तक्रार येणार.

स्वावाला सांगितलं. ती मोजा विणत होती. म्हणाली, “मरायला टेकलेला माणूस दिवसभर तुझ्या झाडांच्या सुया मोजतोय?”

“तू ओदुरला ओळखत नाहीस.”

“मी त्याला भेटते, केटिल. दर रविवारी. ओळखत तू नाहीस.”

हे मला नवीन होतं. रविवारी ती चर्चला जाते असं मी धरून चाललो होतो. तिला कधी विचारलं नव्हतं हेही तितकंच खरं.

“मग काय म्हणतो तो?” मी शक्य तितक्या बेफिकिरीने विचारलं.

“ते तू जाऊन विचार. मी काही तुमची पोस्टमास्तरीण नाही.”

२२ जानेवारी

खारफुटी. जे जंगल समुद्रात पाय सोडून उभं राहतं आणि लाटेला गावात येऊ देत नाही. हजेरी आणखी रोडावली. वादळ होतं, असं मी स्वतःला सांगतो. वादळ नव्हतं.

७ फेब्रुवारी

काल सभागृहात गावाचं हिवाळी जेवण झालं. आंबवलेलं मटण, मेंढ्यांची भाजलेली मुंडकी, कुजवलेला शार्क, आणि जेवणानंतर गेल्या वर्षात परगण्यात ज्याने ज्याने शेण खाल्लं त्याची रंगमंचावर नक्कल. दरवर्षी मी प्रार्थना करतो की माझी पाळी येऊ नये, आणि दरवर्षी आली नाही की मला थोडं वाईट वाटतं. यंदा दोन्ही प्रश्न सुटले.

शाळेच्या बसचा ड्रायव्हर स्प्रूसच्या फांद्या अंगाला बांधून आला आणि माझ्याच सुरात बोलायला लागला. “मित्रहो, आज मी आपल्याला जंगलात घेऊन जाणार आहे. साडेनऊला परत आणतो, कॉफी आहे.” मागून दोन माणसं मेंढीच्या वेषात आली आणि त्यांनी त्याच्या हातातली व्याख्यानाची पानं एकेक करून खाल्ली. सभागृह कोसळलं. स्वावाच्या डोळ्यांतून पाणी. न हसणं म्हणजे कबुली देणं, म्हणून मीही हसलो, आणि इतकं हसलो की शार्कचा तुकडा भलतीकडे गेला. तिघांनी पाठीत थापट्या मारल्या. त्यातला एक मेंढ्यावाला होता. त्याने जरा जास्तच मन लावून मारल्या.

बाहेर हवा घ्यायला गेलो तर हालबेरा तिथे उभी. एकटी.

“ओदुर नाही आला?” मी विचारलं. इतक्या वर्षांत तिला विचारलेला पहिला प्रश्न.

“त्याला आता पायऱ्या चढवत नाहीत. खिडकीत बसून असतो. दिवसभर तुझ्या झाडांकडे बघतो, केटिल. दुसरं काही बघतच नाही.”

ती यापुढे काही बोलणार होती. पण मी ‘बरं बरं’ म्हणून आत पळालो. मला कळायचं ते कळलं होतं.

८ फेब्रुवारी

झोप लागली नाही. एक माणूस शेवटचा हिवाळा काढतो आहे. त्याला हेक्ला बघायचा आहे. लहानपणी त्याच खिडकीत आम्ही दोघं नाकं चिकटवून बसायचो, आणि ओदुर मला सांगायचा की डोंगराच्या आत एक म्हातारी स्वयंपाक करते, म्हणून धूर येतो. आता त्याच्या आणि हेक्लाच्या मध्ये माझं शास्त्रीय सत्य उभं आहे, घरापेक्षा उंच.

मला माझी लाज वाटते. हे लिहायला सोपं आहे, कारण ही वही कुणी वाचत नाही.

११ फेब्रुवारी

निर्णय झाला. त्या दोन ओळी तोडायच्या.

स्वावाला सांगितलं तेव्हा तिने विणायच्या सुया खाली ठेवल्या. “त्याने मागितलं?”

“तो मागणार नाही. त्याला अभिमान आहे.”

“मग त्याला विचार आधी.”

“विचारलं की त्यात मोठेपणा उरत नाही, स्वावा. तो तपासणीला जाईल तेव्हा तोडीन. परतेल, खिडकीत बसेल आणि समोर हेक्ला. मी काही बोलणार नाही. त्याला समजेल.”

“तुम्ही दोघं बोलण्यापेक्षा जंगल तोडाल,” ती म्हणाली.

वाक्य चांगलं आहे. पुढच्या व्याख्यानात कुठेतरी घालता येईल.

४ मार्च

संधी आली. हालबेराने ओदुरला तपासण्यांसाठी सेल्फॉसला नेलं आहे. परवा परत येतील.

करवत सुरू करायच्या आधी पहिल्या स्प्रूसच्या बुंध्याला हात लावून उभा राहिलो. हा अंगठ्याएवढा होता तेव्हा मी लावला होता, दही लावायच्या डब्यात वाढवून. आपल्याच माणसासाठी आपलंच झाड तोडतो आहोत, या विचाराने मला भरून आलं. स्वतःकडे बघून भरून येणं ही माझी जुनी खोड आहे.

पहिलं झाड जिथे पाडायचं होतं तिथे पडलं. दुसरं कुंपणावर पडलं. चरबीचे गोळे बर्फात गडगडले. तिसरं झाड दुसऱ्यात अडकून तिरकं उभं राहिलं आणि मला पुढे येऊ देईना. शेवटी बसच्या ड्रायव्हरला फोन करावा लागला. तो ट्रॅक्टर घेऊन आला आणि आजूबाजूला बघून म्हणाला, “अरे, मेंढ्या इतकं नाही खात.”

५ मार्च

संपलं. सगळं अंग ठणकतंय. पण हेक्ला! पायथ्यापासून शिखरापर्यंत, पांढराशुभ्र, जणू कुणी कपाटातून काढून ठेवलाय. मी ओदुरच्या खिडकीबाहेर उभा राहून तपासून घेतलं. झाडाचा पानाएवढाही अडथळा नाही. वारा मात्र भलताच लागत होता.

६ मार्च

दुपारी गाडी आली. मी आमच्या स्वयंपाकघरातून बघत होतो. हालबेरा उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली. ओदुर काठी टेकत उतरला, त्यानेही पाहिलं. बराच वेळ. मग दोघं आत गेले.

थोड्या वेळाने खिडकीचा पडदा ओढला गेला.

भावना अनावर झाल्या असाव्यात. मी समजू शकतो.

८ मार्च

पडदा अजून ओढलेलाच. स्वावा दर रविवारप्रमाणे तिकडे जाऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून तिने बटाटे सोलायला घेतले. इतके सोलले की आठवडाभर पुरतील.

९ मार्च

आज हालबेरा आली. दार न वाजवता. तिच्या गमबुटांचा बर्फ आमच्या गालिच्यावर.

“केटिल, तुला हे कुणी सांगितलं होतं?”

“हेक्ला दिसावा म्हणून—”

“हेक्ला!” ती ओरडली. “तुझ्या झाडांनी आमच्या अंगणातला वारा अडवला होता, ते तरी तुला ठाऊक आहे का? काल गोठ्याच्या दाराशी कंबरभर बर्फ साठला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा फावडं घेऊन उभी राहिले मी. पण ते जाऊ दे. मी उपसेन. तो पडदा ओढून बसलाय. जेवत नाही. पक्ष्यांसाठी चरबी टांगून घेतली होती माझ्याकडून, त्या पिवळ्या टोपीच्या चिमण्यांसाठी. तुझ्या झाडांत राहायच्या त्या.”

“माझ्या झाडांत पक्षी होते?”

हालबेराने स्वावाकडे पाहिलं. स्वावाने माझ्या कानांकडे बोट दाखवलं आणि ‘याला बारीक आवाज ऐकूच येत नाहीत’ असा हात झटकला.

“तू चल,” हालबेरा म्हणाली. “तू केलंस, आता तूच निस्तर.”

मी गेलो. फाटक अजिबात करकरलं नाही.

बैठकीत अंधार होता. ओदुर आरामखुर्चीत, पायांवर घोंगडी. तो इतका लहान कसा झाला? मला तो नेहमी दार भरून उभा असलेलाच आठवतो. मला रडू आलं आणि ते दडपायला मी खोकलो.

“कसा आहेस?” मी म्हणालो.

“बस,” तो म्हणाला. मी बसलो. मग तो म्हणाला, “का तोडलीस?”

“तुला हेक्ला दिसावा म्हणून.”

“हेक्ला मला पाठ आहे, केटिल. डोळे मिटले तरी दिसतो. इथेच जन्मलो मी.”

“मला वाटलं... हालबेरा म्हणाली, तू दिवसभर झाडांकडे बघतोस.”

“मग झाडांकडे बघणाऱ्या माणसाची झाडं तोडायची असतात?”

मी गालिच्याकडे बघत बसलो. चिमण्यांबद्दल वाईट वाटतं असं काहीतरी पुटपुटलो, दुसरीकडे चरबी टांगतो म्हणालो, तर त्याने हात हलवला.

“चिमण्या जातील कुठेतरी. तुझ्याकडे झाडं थोडी आहेत? पण आता तू कशाला येशील तिथे?”

“मी?”

“सकाळी. त्या दोन ओळींमधे उभा राहून भाषण करायचास ना?”

कानांच्या पाळ्या तापल्या. घरात तालीम करायला स्वावा मनाई करते, म्हणून मी व्याख्यानं तिथे म्हणतो. दोन ओळींमधे वारा नसतो आणि कुणी बघतही नाही, असा माझा समज होता. लाकूड सरळ वाढावं म्हणून बुंध्यांच्या खालच्या फांद्या मीच छाटल्या होत्या. म्हणजे पडदा मीच वर केला होता आणि पलीकडे दुर्बीण लावून माझा भाऊ बसला होता.

“किती पाहिलंस?”

“सगळं. गेल्या कितीतरी वर्षांचं. पूर्वी गोठ्यातून बघायचो, आता खुर्चीतून. हात पसरलेस की मोठं जंगल. डोक्यावर बोटं नाचवलीस की पाऊस. एकदा तू पाय चिखलात रुतल्यासारखा चालत होतास, ते काय होतं?”

“खारफुटी,” मी म्हणालो.

“मी आणि हालबेरा पैज लावायचो. ती म्हणाली बगळा.” तो हसला आणि हसताना त्याला दम लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “आवाज तेवढा यायचा नाही. आता आलाच आहेस तर सांग. पहिल्यापासून.”

२६ मार्च

दर गुरुवारी जातो. म्हणजे ठरलं तसं होतं. प्रत्यक्षात रोजच जातो. सभागृहातली व्याख्यानं बंद केल्याचं किल्लीवाल्याला कळवलं, तर त्याने जरा जास्तच पटकन ‘हरकत नाही’ म्हटलं.

ओदुर हा वाईट श्रोता आहे. मधेच बोलतो. तैगा त्याला पटला. “थंडीत झाड उभं राहतं, त्यात कौतुक आहे.” पर्जन्यवनाबद्दल त्याचं मत असं की जिथे सगळंच उगवतं तिथे राबायची सवय जाते. डोंगरमाथ्यावरची जंगलं धुक्यातलं पाणी पानांनी गाळून खाली नदीला देतात, हे मात्र त्याने दोनदा सांगायला लावलं. खारफुटी ऐकून तो विचारात पडला.

“म्हणजे एक समुद्र अडवतं, एक माती अडवतं, तुझं वारा अडवत होतं,” तो म्हणाला. “मग जंगल म्हणजे कुंपणच की.”

मी इतकी वर्षं व्याख्यानं देतो आहे. मला हे वाक्य सुचलं नाही. मला जरा रागच आला.

१४ एप्रिल

ओदुरचे पाय फार सुजले आहेत. डॉक्टर घरी येऊन गेले. जाताना हालबेराशी अंगणात हळू बोलले. वाऱ्याने त्यांची टोपी उडाली आणि मी ती कुंपणापर्यंत धावत जाऊन आणली. तेवढंच माझ्याकडून झालं.

माझी व्याख्यानं संपत आली आहेत. एकच उरलंय, आपल्या देशाचं. तेच ते. ज्यात मी मेंढीचं नाव घेतो. पानझडी जंगलांवर मी चार दिवस काढले. पाइनच्या रानातल्या आळंब्यांवर दोन. उद्या वाळवंटाच्या कडेच्या काटेरी झुडपांवर बोलणार आहे. त्याबद्दल मला काहीही माहीत नाही.

२३ एप्रिल

आज पंचांगाप्रमाणे उन्हाळ्याचा पहिला दिवस. सकाळपासून बर्फ पडतोय. हालबेराने क्रीमचा केक केला होता. ओदुरने एक घास खाल्ला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

“आता शेवटचं सांग,” तो म्हणाला.

“काटेरी झुडपं अजून—”

“झुडपं पुरे. आपलं सांग. ते सांगताना तू सगळ्यात जास्त हातवारे करतोस. आणि शेवटी माझ्या घराकडे बोट दाखवतोस.”

हालबेरा बशा घेऊन आत जात होती, ती दारातच थांबली.

मी सुरुवात केली. पहिली माणसं बोटींतून इथे उतरली तेव्हा समुद्रापासून डोंगराच्या कंबरेपर्यंत भूर्जाचं रान होतं. उंच नव्हे. वाकडं, बुटकं, जमिनीला धरून असलेलं. त्यांनी ते घरांसाठी तोडलं, लोखंड तापवायला कोळसा करून जाळलं, उरलेल्यात मेंढ्या सोडल्या. नवं रोप डोकं वर काढी, मेंढी ते खाई. मग वारा आला आणि माती घेऊन गेला. इथपर्यंत आलो आणि पुढचं वाक्य येईना. इतक्या वेळा म्हटलेलं, झाडांसमोर ठणकावलेलं. समोर तो बसला होता, सुजलेले पाय स्टुलावर ठेवून, आणि वाट बघत होता.

“ते आपण खाल्लं,” मी म्हणालो. “आपल्या सगळ्यांच्या वाडवडलांनी.”

“हं,” ओदुर म्हणाला. “थंडी असेल त्यांना.”

“असेल.”

“आणि पोरं असतील.”

“हो.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. पडदा त्याने कधीच उघडला होता. बाहेर बुंध्यांचे खुंट बर्फाने झाकले होते आणि हेक्ला ढगात. काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

“त्या जागी भूर्ज लाव,” तो म्हणाला.

मी आयुष्यात भूर्ज लावलेला नाही. त्याला मी नेहमी झुडूप म्हणत आलो. जगभरची उंच उंच झाडं मागवली, तो मात्र मला कधी जंगलात मोजण्याच्या लायकीचा वाटला नाही.

“तो फार वाढत नाही,” मी म्हणालो.

“म्हणूनच सांगतो. डोक्यावरून हेक्ला दिसेल आणि मधून तू दिसशील.” त्याने घोंगडी वर ओढली. “मेंढ्यांची काळजी करू नकोस. कुंपण मी हालबेराला नीट करायला सांगतो.”

“ओदुर, खिडकीपर्यंत यायला त्याला खूप वर्षं लागतील.”

“लागू देत. मला कुठे जायचंय?”

हालबेरा दारातून आत वळली आणि तिने नळ मोठा सोडला. मी ओदुरचा हात धरला. त्याने तो काढून घेतला नाही, फक्त म्हणाला की माझे हात फार गार आहेत. मग त्याला झोप लागली आणि मी तसाच बसून राहिलो.

संध्याकाळी घरी येऊन रोपवाटिकेला फोन लावला. सुट्टी होती, कुणी उचलला नाही. उद्या पुन्हा लावणार आहे. स्वावाने विचारलं, कुणाला फोन करतोस? मी सांगितलं आणि तिने पहिल्यांदाच माझं सगळं बोलणं मधे न बोलता ऐकून घेतलं.